खोली गार, अंग मात्र चिकट

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीकडचे. यजमानांच्या नोकरीमुळे कोलकात्याजवळ बजबजला राहतो. झोपायची खोली दहा बाय अकरा फुटांची आहे, वर आणखी एक मजला आहे. खोलीत दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, स्प्लिट एसी आहे. मे महिन्यात त्याची काही तक्रार नव्हती. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र तो सारखा बंद-चालू होतो. चार-पाच मिनिटं चालतो, खोली गार होते, बाहेरचं युनिट थांबतं. थोड्या वेळाने पुन्हा घरघर सुरू. रात्रभर हेच. गार वाटतं, पण अंग चिकट राहतं आणि गादीला कुबट वास येऊ लागलाय. मेकॅनिक म्हणतो, गॅस कमी झालाय, भरून घ्या. घ्यावा का?
— एक वाचक, बजबज

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्यात तुमचे पैसे अडकलेत. गॅस इतक्यात भरू नका.

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांमधून फिरत राहतो. आज आहे तितकाच दहा वर्षांनीही असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात त्याच माणसाला पुन्हा बोलावणं. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला याहून महत्त्वाचं वाटलं. चार-पाच मिनिटांत खोली गार होते, असं तुम्ही लिहिलंय. गॅस कमी असता तर नेमकं हेच झालं नसतं. तसा एसी अगदी उलट वागतो. तासन्‌तास चालतो, कट होत नाही, आतल्या कॉइलच्या एका टोकाला बर्फ धरतो, आणि खोली कोमटच राहते. कधी कधी तोही मध्येच बंद पडतो, पण कॉम्प्रेसर तापल्यामुळे. कारण परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरच्या मोटरला गार ठेवत असतो आणि तोच पुरेसा येत नाही. तुमचा एसी तापून बंद पडत नाही. सांगितलेलं काम उरकलं, असं समजून तो थांबतोय.

साध्या एसीच्या कॉम्प्रेसरला दोनच गोष्टी ठाऊक असतात : पूर्ण ताकदीने चालणं आणि थांबणं. आतल्या युनिटच्या जाळीमागे एक छोटा सेन्सर असतो. खोलीतून परत येणाऱ्या हवेचं तापमान तो पाहतो. रिमोटवर २४ लावलं असेल तर हवा २३ च्या आसपास आली की कॉम्प्रेसर थांबतो, २५ च्या आसपास गेली की पुन्हा सुरू होतो. तेव्हा बंद-चालू होणं हा मुळात दोष नाहीच, त्याची कामाची रीतच ती. दोष आहे की नाही हे घड्याळावरून कळतं. खोलीच्या मापाचा एसी भर उन्हाळ्यात एका खेपेला दहा-पंधरा मिनिटं तरी चालतो आणि तासाला दोन-तीनदा थांबतो. चार मिनिटांत थांबणारा एसी तासाला सहा-सहा वेळा सुरू होत असणार. प्रत्येक सुरुवातीला साधा कॉम्प्रेसर चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट क्षणभर ओढतो. शिवाय थांबल्यानंतर नळ्यांमधला दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो, म्हणून एसीच्या आत किंवा स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांची सक्तीची विश्रांती ठेवलेली असते. रात्रभर असं चाललं तर वीज जास्त जाते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्यही कमी होतं.

मग मे महिन्यात हे का झालं नाही? तुमच्या पत्रातला खरा धागा हाच आहे, आणि मेकॅनिकने तो विचारात घेतलेला दिसत नाही. यंत्र बिघडलं असतं तर ते मेच्या उकाड्यात आधी उघडं पडलं असतं.

एसीला दोन कामं करावी लागतात. हवेचं तापमान उतरवणं हे एक, आणि हवेतलं पाणी काढणं हे दुसरं. मे महिन्यात बजबजला पारा पस्तिशीच्या पुढे जातो, भिंती दिवसभर तापून रात्री उष्णता आत सोडतात, त्यामुळे पहिलं काम भरपूर असतं. एसी लांब लांब खेपा चालतो आणि त्या ओघात दुसरं कामही आपोआप होऊन जातं. जुलैच्या रात्री बाहेर २७ अंश, आत तुम्हाला हवेत २४. फरक तीन अंशांचा, म्हणजे पहिलं काम जवळजवळ उरलेलंच नाही. दुसरं मात्र तसंच्या तसं आहे.

किती? २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असलेल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तुमची खोली दहा फूट उंच धरली तर तिच्यात साधारण ३१ घनमीटर हवा मावते, म्हणजे सातशे ग्रॅमहून थोडं अधिक पाणी. आरामात झोप लागावी म्हणून २४ अंशांना ५५ टक्के आर्द्रता हवी असेल, तर त्यातलं जवळपास निम्मं, सुमारे ३४० ग्रॅम, बाहेर काढावं लागेल. आणि हे एकदाचं. दाराखिडक्यांच्या फटींतून हुगळीकाठची ओली हवा रात्रभर येत राहते, झोपलेल्या माणसांच्या श्वासातून आणि घामातून आणखी भर पडते.

तुलनेसाठी नागपूर घ्या. मेच्या दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते तेव्हा तिथल्या हवेत घनमीटरला जेमतेम ९ ग्रॅम पाणी असतं. म्हणून नागपुरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर राज्य करतो. तोच कूलर उचलून बजबजला आणला तर तो नुसता पंखा ठरेल, वर खोली आणखी ओली करेल. एसीविषयीचे आपल्याकडचे बरेचसे सल्ले कोरड्या उष्णतेच्या गावांत जन्मलेले आहेत. वसई ते सावंतवाडी, गोवा आणि तुमचं बजबज, इथे ते तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आता त्या चार मिनिटांत आत काय होतं ते पाहू. कॉम्प्रेसर सुरू झाला की पहिली काही मिनिटं कॉइल गार होण्यातच जातात. मग हवेतली वाफ तिच्यावर दवासारखी धरते. आधी अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर ओल पसरते, तिचे थेंब होतात, थेंब जड झाले की खालच्या तबकात पडतात आणि तिथून पाइपने बाहेर जातात. पाणी खोलीबाहेर गेलं असं या शेवटच्या टप्प्यानंतरच म्हणता येतं. तुमचा एसी त्याच्या आधीच थांबतो. कॉम्प्रेसर थांबला तरी आतला पंखा चालू राहतो, आणि पात्यांवर जमलेलं पाणी तोच पंखा वाळवून पुन्हा तुमच्या खोलीत सोडतो. अमेरिकेतलं फ्लोरिडा हे राज्य हवेच्या बाबतीत कोकणाचंच भावंड. तिथल्या सौरऊर्जा केंद्राच्या संशोधकांनी याची बारकाईने मोजमापं केली आणि २००६ मध्ये अहवाल दिला. पंखा अखंड चालू आणि कॉम्प्रेसर थोडा थोडा वेळ चालू, अशा स्थितीत एसीचं ओल काढण्याचं काम जवळजवळ शून्यावर येऊ शकतं, असं त्यांना आढळलं.

त्यात आणखी एक गंमत. २७ अंशांची ती ओली हवा पाणी न काढता नुसती गार केली, तर २५ अंशांच्या आसपासच ती दवबिंदूला पोचते. तुम्ही २४ लावलं असणार. म्हणजे खोली ओलीचिंब होण्याच्या काठावर, आणि गादी, उशी, कपाटातल्या साड्या ती ओल शोषून घेतायत. कुबट वास तिथून येतोय.

कोलकात्यात आणि मुंबईतही पुष्कळ घरांत एसी अठरावर असतो आणि अंगावर दुलई. याला लोक उधळपट्टी म्हणतात. मला त्यात शरीराचा अडाणी शहाणपणा दिसतो. माणसाला थंडी नको असते, कोरडेपणा हवा असतो. रिमोटवर कोरडेपणाचं बटण सापडत नाही म्हणून तो तापमान खाली खेचत जातो. अठरावर एसी जास्त वेळ चालतो, त्यामुळे हवा थोडी कोरडी होतेही, पण त्याची किंमत वीजबिलात मोजावी लागते. आणि भिंतीच्या पलीकडे, न थंड केलेल्या खोलीत, बुरशी धरते ती वेगळीच.

एकूण निदान असं की तुमचा एसी खोलीसाठी मोठा आहे. दुकानदाराने 'दीड टन घ्या, लवकर गार होईल' असं सांगितलं असणार, आणि त्याने सांगितलं ते खरंच झालं! लवकर गार होणं हीच तुमची अडचण आहे.

या टनाचा इतिहास तुमच्या दारावरून गेलाय, म्हणून थोडं विषयांतर करतो. एसीचा टन त्याच्या वजनाचा नसतो. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता ओढून काढण्याची ताकद म्हणजे एक टन. आजच्या मापात साधारण साडेतीन किलोवॉट. यंत्रांनी बर्फाची जागा घेतली तेव्हा त्यांची ताकद गिऱ्हाइकाला बर्फाच्याच भाषेत सांगावी लागली. आणि त्या बर्फाच्या व्यापाराची एक मोठी पेठ कोलकाता होती. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तिथल्या तळ्यांमधला बर्फ कापून 'टस्कनी' नावाच्या जहाजातून पाठवला. मे १८३३ मध्ये निघालेलं ते जहाज सप्टेंबरमध्ये कोलकात्याला पोचलं. निघताना १८० टन होता, वाटेत वितळून सुमारे १०० टन उरला, आणि तेवढ्यावरही व्यापार फायद्यात गेला. हुगळीतून कोलकात्याला जाणारं प्रत्येक जहाज बजबजवरूनच जातं, तेव्हा हा बर्फही तिथूनच गेला. तुमचा दीड टनाचा एसी चोवीस तास अखंड चालला, तर सुमारे १,३६० किलो बर्फाचं काम करेल. एकशेदहा चौरस फुटांच्या खोलीत, पावसाळ्याच्या रात्री. एवढं काम त्या खोलीत नाहीच, मग तो दर चार मिनिटांनी बसून राहणार नाही तर काय करेल?

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने १९०२ मध्ये आधुनिक वातानुकूलनाचं पहिलं यंत्र आखलं, ते माणसांना गारवा देण्यासाठी नव्हतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक छापखाना होता. दमट हवेत कागद फुगे, एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे, आणि छापलेले ताव वाया जात. हवेतली आर्द्रता ठरावीक ठेवणं हे त्या यंत्राचं काम होतं. गारवा पुढे लोकांना आवडला आणि यंत्राचं मूळ काम जाहिरातींतून गळून पडलं.

तुमच्यासारखीच बंद-चालूची तक्रार असलेल्या इतर वाचकांचं कारण वेगळं असू शकतं. त्यांनी एवढंच पाहावं : एसी थांबतो तेव्हा खोली गार झालेली असते का, आणि थांबल्यावर किती वेळाने सुरू होतो. खोली गार नसताना थांबतो आणि पंधरा-वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ उठत नाही, तर कॉम्प्रेसर तापून त्याचं संरक्षक बटण ट्रिप होतंय. याचं सगळ्यात साधं कारण बाहेरच्या युनिटची जाळी धुळीने भरलेली असणं. दुसरं म्हणजे ते युनिट बंद बाल्कनीत किंवा भिंतीला चिकटून बसवलेलं असणं, म्हणजे स्वतःच फेकलेली गरम हवा ते पुन्हा ओढतं. व्होल्टेज उतरणं किंवा कपॅसिटर थकणं हीही कारणं असतात. खोली गार नाही, पण एसी अगदी तीन-तीन मिनिटांनी उठ-बस करतोय, तर सेन्सर पाहावा. कधी सर्व्हिसिंगमध्ये तो जागेवरून सरकून कॉइलला टेकलेला असतो, कधी समोर पडदा किंवा उंच कपाट असल्यामुळे गार हवा तशीच वळून जाळीत शिरते आणि सेन्सरला वाटतं सगळी खोली गार झाली. आतली जाळी महिनोन्‌महिने धुतलेली नसेल तर कॉइलवर बर्फ धरतो. अशा वेळी एसी बंद करून बर्फ वितळू द्यावा, चाकूने खरवडू नये. बाहेरच्या युनिटचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतका भार शिल्लक असतो.

तुमच्याकडे वळतो. मोठा एसी लहान होत नाही, पण त्याला जास्त वेळ चालायला भाग पाडता येतं. रिमोटवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह असतं, तो ड्राय मोड. पावसाळ्यात तो लावा. त्यात पंखा मंद चालतो, आणि बहुतेक एसींमध्ये कॉम्प्रेसर थांबला की तोही थांबतो किंवा अगदी हळू होतो. त्यामुळे पात्यांवरचं पाणी परत खोलीत येत नाही. ड्राय मोडमध्ये फारच गार किंवा फारच उबदार वाटलं तर नेहमीच्या मोडवर या, पण पंखा सगळ्यात कमी वेगावर ठेवा. हवा हळू गेली की कॉइल अधिक गार होते आणि अधिक पाणी धरते. आधी जाळी धुवा, नाहीतर याच युक्तीने बर्फ धरेल.

'२६ वर ठेवा आणि वर पंखा लावा' हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. मे महिन्यात तो उत्तम आहे. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे विकले जाणारे घरगुती एसी सुरू करताना आपोआप २४ वर येतात, ते ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमामुळे. आणि एकेक अंश वर गेल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. बिलासाठी हे खरं आहे. पण तुमच्या जुलैच्या रात्री २६ लावलं तर एसी चार मिनिटंसुद्धा चालणार नाही. तेव्हा पावसात २४ आणि ड्राय मोड, उन्हाळ्यात २६ आणि पंखा, असं ऋतूप्रमाणे बदला.

आणि एक विचारतो, रागावू नका. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून ते एसीच्या खोलीत दोरीवर घालता का? पुष्कळ घरांत घालतात. धुऊन पिळलेल्या बादलीभर कपड्यांमध्ये लिटर-दीड लिटर पाणी सहज असतं. ते सगळं त्याच हवेत जातं, आणि वर काढलेल्या ३४० ग्रॅमच्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. कपडे दुसऱ्या खोलीत पंख्याखाली घाला. खोलीला जोडलेल्या न्हाणीघराचं दार लावा, दाराखालची फट पट्टीने बुजवा. दिवसा 'हवा खेळू दे' म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवण्याची आपली सवय बजबजच्या पावसाळ्यात महागात पडते. गादी दिवसभर ओल पिते आणि रात्री एसीला ती उपसावी लागते.

पुढे कधी एसी बदलायची वेळ आली तर या खोलीला एक टन पुरे. वर गच्ची असती आणि पश्चिमेची खिडकी असती, तर मी दीड म्हणालो असतो. इन्व्हर्टर घेतलात तर अधिक चांगलं, कारण त्याचा कॉम्प्रेसर काम कमी झालं की वेग कमी करून चालत राहतो. पण इन्व्हर्टर म्हणजे कितीही मोठा घेतला तरी चालेल, हा दुकानांतला समज खोटा आहे. त्यालाही एक किमान वेग असतो. त्याखाली काम गेलं की तोही बंद-चालू करू लागतो. लेबलवर पूर्ण आणि अर्ध्या क्षमतेचे वॉट दिलेले असतात. किमान क्षमता कंपनीच्या माहितीपत्रकात मिळते. ती विचारा, आणि विक्रेत्याला सांगता आली नाही तर दुसऱ्या दुकानात जा.

तूर्त मात्र नवा एसी नको, गॅसही नको. काही शे रुपयांना आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते आणून उशाशी ठेवा. जाळी धुवा, ड्राय मोड लावा, कपडे बाहेर काढा आणि आठवडाभर रात्री झोपताना आणि पहाटे त्यावरचा आकडा लिहून ठेवा. साठच्या खाली आला तर मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा. सत्तरच्या वरच राहिला तर ते आकडे आणि एसीच्या लेबलचा फोटो आम्हाला पाठवा, पुढचं पाहू.